मामांना म्हणावं, फोन राहू दे

वाचकाचं पत्र

वकीलताई, नमस्कार.

आम्ही साताऱ्याजवळ कोडोलीला राहतो. मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, एमआयडीसीत कंपनीत पर्मनंट आहे. सून आहे, तीन वर्षांची नात आहे. आखाडातल्या शेवटच्या रविवारी माझ्या भावाच्या वस्तीवर नागठाण्याजवळ सगळे मटणाला गेलो होतो. मी आणि हे संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. मुलगा, सून आणि नात रात्री मामाची गाडी घेऊन निघाले. साडेअकराला शेंद्र्याजवळ नाकाबंदीत पोलिसांनी गाडी अडवली आणि मुलाला मशीनमध्ये फुंकायला लावलं. ९२ आकडा आला. त्याला सिव्हिलला नेऊन रक्त घेतलं, लायसन ठेवून घेतलं, गाडी पोलीस ठाण्यात लावली. आता कोर्टात जायचं आहे.

मुलगा म्हणतो, दोनच बिअर घेतल्या होत्या, मी टाइट नव्हतो, पोलिसांना केसेसचं टार्गेट असतं. हायवेला रांगेनं परमिट रूम आहेत, सरकारच दारू विकतं आणि सरकारच पकडतं, असंही त्याचं म्हणणं. माझा भाऊ पूर्वी पंचायत समितीत होता, त्याच्या ओळखी आहेत. तो म्हणतो, "काय घाबरतीस? एक फोन टाकतो, रक्ताचा रिपोर्ट निल येतोय का नाही बघ. थोडे पैसे लागतील." यांचं म्हणणं, भोगू दे, आणि ते मुलाशी बोलत नाहीत. सून माहेरी जायची भाषा करते. एवढ्याशा गोष्टीचा तिनं तमाशा केलाय, असं मला वाटतं.

ताई, पोराला एकदा सांभाळून घेतलं तर चुकतं का? नोकरीवर डाग लागेल का? भावाला फोन करायला सांगू का?

एक आई, कोडोली

उत्तर

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण मामांचा हात फोनवर गेलेला दिसतोय. फोन करू देऊ नका. आजच त्यांना तसं सांगा.

तुमच्या मुलावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली केस आहे. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. १ सप्टेंबर २०१९ च्या आधी हाच दंड दोन हजारांपर्यंत होता, त्यामुळे जुनी माणसं अजूनही "दोन हजार भरले की सुटला" असं सांगत फिरतात. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड, किंवा दोन्ही. सिग्नल तोडल्याची पावती फाडून मोकळं होता येतं, तसं इथं होत नाही. हे प्रकरण न्यायाधीशांपुढेच जातं.

आता मामा जे सुचवतायत त्याचा हिशेब बघा. पैसे देऊन रिपोर्ट फिरवणं म्हणजे लाच देणं. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला, तेव्हापासून लाच देणाराही स्वतंत्र गुन्हेगार धरला जातो आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पुराव्याशी खेळ केल्याचा गुन्हा त्यावर वेगळा. भाच्याचे जास्तीत जास्त सहा महिने वाचवायला मामा स्वतःची सात वर्षं टेबलावर ठेवतायत. माया आहे, नाही म्हणत नाही. पण पोराच्या पहिल्या आणि साध्या केसचं असं अख्ख्या घराचं प्रकरण करायची काही गरज नाही.

आणि रिपोर्ट फिरवणं आता पूर्वीइतकं गुपचूप राहत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. पुढं रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला आणि सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. गाडी चालवणारा राहिला एकीकडे, नमुन्याला हात लावल्याच्या आरोपाखाली मोठी माणसं तुरुंगात गेली. आपल्याकडच्या एखाद्या वस्तीवरचा माजी सदस्य त्यातून सुटेल, असं मामांना कशावरून वाटतं?

आता त्या ९२ आकड्याकडे या. दोन बिअर म्हणजे काहीच नाही, असं तुम्हालाही वाटत असणार.

कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. ब्रिटनमध्ये १९६७ साली मशीनची चाचणी आली तेव्हा तिथली मर्यादा ८० ठरवली होती. आपली त्याहून बरीच कडक आहे, आणि तुमचा मुलगा त्या ८० च्याही वर होता. दोन बिअरचं गणित असं: मोठी बाटली ६५० मिलिलिटरची. स्ट्राँग बिअर सात टक्क्यांची धरली तर एका बाटलीत साधारण पस्तीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं, दोन बाटल्यांत सत्तर. सत्तर किलोच्या माणसाच्या रक्तात ते दीडशेच्या घरात पोचू शकतं. शरीर ते तासाला सरासरी पंधरा मिलिग्रॅमच्या गतीनं उतरवतं. सात-साडेसातला सुरू झालेली बैठक, त्यात मटण-भाकरी, आणि साडेअकराला ९२. हिशेब अगदी बरोबर लागतो. म्हणजे मुलगा खोटं बोलत नसावा, दोनच घेतल्या असतील. पण मोठ्या दोन बाटल्यांना "दोनच" म्हणायची जी सवय आपल्याकडे आहे, तिला रक्त जुमानत नाही.

लिंबू पिळून प्यायलं, ताक घेतलं, तोंडावर गार पाणी मारलं, काळी कॉफी घेतली, यातलं काही ती गती वाढवत नाही. कॉफीनं झोप उडते, अल्कोहोल आहे तिथंच राहतं. ९२ वरून ३० वर यायला मुलाला आणखी चार तास लागले असते, म्हणजे पहाटेचे साडेतीन. मामांच्या पडवीत सतरंजी टाकली असती तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं.

यातच एक गोष्ट आहे जी कुणी बोलत नाही. तुमचा मुलगा कंपनीत आहे, म्हणजे कधीतरी पहिली पाळी असणारच. रात्री बाराला रक्तात दीडशे असतील तर सकाळी सहाला साठ उरतात, मर्यादेच्या दुप्पट. अंघोळ झालेली, चहा झालेला, कपाळाला गंध, आणि मोटरसायकलवर बसलेला हा माणूस कायद्याच्या लेखी अजून प्यालेलाच असतो. नाकाबंदी रात्रीची असते म्हणून तो सापडत नाही, एवढंच. हे त्याला सांगा. "टाइट नव्हतो" याला तर काहीच अर्थ नाही. थोड्या दारूनं पहिल्यांदा जातो तो अंदाज: समोरचा ट्रक किती लांब आहे, ब्रेकवर पाय कधी ठेवायचा. आपला अंदाज गेलाय हे कळायला जी अक्कल लागते तीही त्याच वेळी गेलेली असते. पाय लटपटणं फार पुढची पायरी.

आणि रस्ता कुठला, तर पुणे-बंगळूर महामार्ग. शेंद्र्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरणाच्या कामानं तो जागोजागी वळवलेला, वर आषाढाचा पाऊस. दिवसा, चहा पिऊन, शुद्धीतला माणूससुद्धा तिथं बावचळतो.

मशीन खरंच चुकलं असेल असं मुलाला वाटत असेल, तर त्याचा मार्ग आहे आणि तो सरळ आहे. मशीनची छापील पट्टी, मशीन कधी तपासलं होतं त्याचा दाखला, डॉक्टरांचा तपासणी अहवाल, रक्त कधी घेतलं त्याची वेळ, हे सगळं त्याचा वकील कोर्टात मागू शकतो. कायद्यानं पोलिसांवरही बंधनं आहेत. या गुन्ह्यात अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडून द्यावं लागतं. यात पोलीस चुकले असतील तर कोर्टात जरूर भांडा, तो आरोपीचा हक्क आहे आणि मी स्वतः अशा केसेस लढवल्या आहेत. उघड कोर्टात पुराव्याला प्रश्न विचारणं वेगळं आणि पुरावा आधीच गायब करणं वेगळं. मामा दुसऱ्यातलं बोलतायत.

त्या दुसऱ्या प्रकाराच्या समोरच्या बाकावर मी बसलेली आहे, म्हणून इतकं लिहिते. माझ्याकडे कोरेगाव तालुक्यातल्या एक बाई आल्या होत्या. नवरा सायकलवरून दूध घालून येत होता, गाडीनं उडवला, जागेवर गेला. गाडीवाला प्यायलेला होता हे पाहणाऱ्या चार माणसांनी सांगितलं. पण त्याचं रक्त घेतलं गेलं दुसऱ्या दिवशी दुपारी. मधल्या वेळेत तो कुठं होता, कुणी कुणाला फोन केला, हे कागदावर कुठंच नाही. तासाला पंधराच्या गतीनं तोवर काय उरणार? अहवाल निल. कुणी नमुना बदलला नाही, कुणी सही खोटी केली नाही, फक्त उशीर केला. बाईंना विम्याची भरपाई मिळाली, पण दारूचा मुद्दा त्या केसमधून पुसून गेला. "ते प्यालेले होते एवढं तरी लिहून द्या," असं त्या मला परत परत म्हणायच्या. लिहून देणार कशाच्या आधारावर?

तुमच्या भावाला मी वाईट माणूस म्हणत नाही. त्या गाडीवाल्याचाही कुणीतरी मामाच असणार, आणि त्यालाही भाच्याला एकदा सांभाळून घ्यायचं असणार.

आता मुलाच्या तक्रारी. त्यांतल्या दोन मला पटतात.

नाकाबंदी आखाडात, गणपतीत आणि ३१ डिसेंबरला होते, आणि फेब्रुवारीतल्या मंगळवारी कुणी विचारत नाही, हे खरं आहे. पुढाऱ्याची काच काळी असलेली गाडी हात दाखवून सोडतात आणि मोटरसायकलवाल्याला फुंकायला लावतात, हेही आपण सगळ्यांनी पाहिलंय. दारूच्या दुकानांचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला, छोट्या गावांसाठी तो २२० मीटर केला, आणि पुढच्याच वर्षी शहरांच्या हद्दीला त्यातून मोकळीक मिळाली. या बंदीतून सुटायला महामार्गांचा वर्गच बदलायची धडपड राज्याराज्यांत झाली. सरकारला महसूल हवा आहे आणि अपघात नको आहेत, हे दोन्ही एकाच तोंडानं बोललं जातं. मुलाचा राग रास्त आहे.

पण या रागातून केस रद्द व्हावी असं निघत नाही. उलट निघतं. दंड दोन हजारांवरून दहा हजारांवर गेला म्हणून माणसं सुधारली, असं मला तरी आमच्या कोर्टात दिसलेलं नाही. प्यायला बसलेला माणूस दंडाची रक्कम आठवत नाही. तो एवढंच बघतो, की आज रस्त्यात कुणी असेल का, आणि असलंच तर आपल्याला सोडवणारा कोण आहे. मुंबईत २००७ पासून वाहतूक पोलिसांनी मशीन घेऊन सलग मोहीम धरली, तेव्हा तिथं पार्टीला जाताना गाडी घरी ठेवायची, नाहीतर ड्रायव्हर बोलवायचा, ही पद्धत हळूहळू पडली. तीही सक्ती ढिली झाली की ढिली होते. पकडलं जाण्याची खात्री हीच खरी शिक्षा, आणि मामांच्या एका फोननं कमी होते ती नेमकी हीच खात्री. पुढाऱ्यांच्या गाड्या सुटतात म्हणून मुलगा चिडतो आणि त्याच वेळी आपली गाडी सुटावी म्हणून मामांकडे बघतो. हे त्याला एकदा शांतपणे विचारा. चिडेल, पण विचारा.

ज्या शिपायानं त्या रात्री पावसात उभं राहून गाडी अडवली, त्याचाही विचार करा. त्यानं नियमानं केस केली, रक्त वेळेत घेतलं, आणि आठवड्यानं वरून निरोप आला की रिपोर्ट निल लावा. पुढच्या आखाडात तो कशाला कुणाला अडवेल?

सूनबाईंबद्दल तुम्ही लिहिलंय त्यावर मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. तमाशा तिनं केलेला नाही. त्या गाडीत ती मागच्या सीटवर मांडीवर पोर घेऊन बसलेली होती. मुलानं किती घेतली हे तिनं पाहिलं असणार. "आज इथंच राहू" असं ती निघताना म्हणाली होती का, हे तुम्ही तिला विचारलंय का? माझा अंदाज, म्हणाली असणार, आणि चार माणसांत नवऱ्याकडे किल्ली मागायची सोय तिला नव्हती. आपल्याकडे भाचा म्हणजे मामाच्या घरचा मानकरी, त्याला आग्रह करून पाजायचं, आणि सुनेनं तोंड उघडलं तर ती आगाऊ. ती माहेरी जाते म्हणते यात राग कमी आणि भीती जास्त आहे. तिला थांबवायचं असेल तर तिच्या बाजूनं तुम्ही एक वाक्य बोला, मुलाच्या समोर. तिला गाडी शिकायची असेल तर शिकवा. लायसन निघायला फार काळ लागत नाही, आणि पुढच्या वेळी मामांच्या वस्तीवरून गाडी कोण चालवणार हा प्रश्नच उरणार नाही.

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत कार्टर रोडवर एका तरुणाची गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात माणसं मेली. त्याच्या रक्तात ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल निघालं. खालच्या कोर्टानं सहा महिने दिले, उच्च न्यायालयानं तीन वर्षं केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. निष्काळजीपणा म्हणून नव्हे, सदोष मनुष्यवध म्हणून. आजच्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणानं मृत्यू घडवला तर पाच वर्षांपर्यंत, आणि परिणामाची जाणीव असताना केलं असं कोर्टाला वाटलं तर कलम १०५ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथं ११२ होते, इथं ९२. तुमच्या मुलाला शेंद्र्याजवळ पोलीस भेटले, दुसरं कुणी आडवं आलं नाही.

पुढं काय करायचं ते आता सांगते.

समन्स आलं की तारखेला हजर राहायचं. तारीख चुकवली तर वॉरंट निघतं आणि साधी केस उगाच वाढते. पहिली वेळ आहे, अपघात झालेला नाही, मुलानं पोलिसांशी हुज्जत घातलेली नसेल, तर अशा केसमध्ये बहुतेक वेळा दंडावर भागतं. कैदेचा अधिकार मात्र कोर्टाला आहे, म्हणून मी खात्री देणार नाही. गुन्हा कबूल करायचा की लढायचा, हे मुलानं वकिलाशी बसून कागद बघून ठरवावं. मामांशी बसून नको. दोष सिद्ध झाला तर लायसन किमान सहा महिन्यांसाठी अपात्र ठरवायचं आहे, हे कायद्यातच लिहिलंय. जप्त केलेलं लायसन पोलीस आरटीओकडे पाठवतात, तिथूनही नोटीस येईल. तिचं उत्तर मुदतीत द्यायचं. त्या काळात "कोडोलीतल्या कोडोलीत जातो" म्हणून त्यानं दुचाकी काढली, तर तो नवीन गुन्हा. कंपनीची बस असेल तर बसनं, नसेल तर मित्राच्या मागं बसून जावं.

नोकरीचं म्हणाल तर त्याचं काम गाडी चालवण्याचं नाही, त्यामुळे फक्त या केसवरून ती जाईल असं मला दिसत नाही. पासपोर्टच्या अर्जात खटला चालू आहे का असा प्रश्न असतो. तिथं खरं लिहायचं. कंपनीनं विचारलं तर कंपनीतही खरं सांगायचं. डागाची भीती तुम्हाला आहे, पण दंड भरून संपलेली केस सांगता येते. लपवलेली केस ज्याला माहीत असते त्याच्या हातात आपली दोरी राहते, आणि इथं ती मामांच्या ओळखीच्या माणसाच्या हातात गेली असती.

मुलाच्या पिण्याबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलेलं नाही. आखाडापुरतं असेल तर केसनं भागेल. पण दर शनिवारी, मग बुधवारीही, आणि घरी विचारलं की चिडचिड, असं होत असेल तर त्याकडे केससारखं बघून चालणार नाही, तो आजाराचा भाग आहे. साताऱ्यात परिवर्तन संस्थेचं व्यसनमुक्तीचं काम नरेंद्र दाभोलकरांच्या काळापासून चालू आहे, पुण्यात मुक्तांगण आहे. तिथं फक्त पिणाऱ्यालाच बोलवतात असं नाही. घरच्यांशीही बोलतात. तो जायला तयार नसेल तर तुम्ही आणि सूनबाई दोघी जाऊन या.

तुमच्या यजमानांना म्हणावं, बोलणं बंद ठेवून मुलाला शिक्षा होत नाही, घराला होते. "भोगू दे" हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण भोगताना कोर्टाच्या बाकावर शेजारी बाप बसला म्हणून दंड काही कमी होत नाही.

राहिले मामा. त्यांना नीती सांगू नका, सातबारा सांगा. गाडी त्यांच्या नावावर आहे. प्यालेल्या माणसानं चालवताना गाडीचं नुकसान झालं तर विमा कंपनी ते देत नाही, पॉलिसीतच तशी अट असते. कुणी मेलं किंवा अपंग झालं तर अपघात दाव्यात कंपनी आधी त्या घराला पैसे देते आणि नंतर मालकाकडून वसूल करते, असे आदेश न्यायाधिकरणं देतात. अशी रक्कम लाखांत असते. त्या रात्री एक माणूस जरी आडवा आला असता तरी वसुली भाच्याच्या पगारातून भागली नसती, ती मामांच्या उसापर्यंत आली असती. शिवाय कलम १८८ असं आहे की या गुन्ह्याला जो साथ देतो त्यालाही तीच शिक्षा. प्यालेल्या माणसाच्या हातात आपल्या गाडीची किल्ली समजून-उमजून ठेवणं त्यात बसतं की नाही, हा वाद एखादा वकील हौसेनं घालू शकेल, आणि मामांना तो वाद नको असेल. गावची यात्रा आली, बैठक बसली, की पहिली बाटली उघडायच्या आधी किल्ल्या मामींच्या ताब्यात द्यायच्या आणि पडवीत अंथरूण टाकायचं. मामी देणार नाहीत म्हणून कोण रुसतो ते बघू.

त्यांना फोन करायचाच असेल तर गाडी सोडवायच्या अर्जासाठी आपल्या वकिलाला करू दे. अर्ज मालकानंच द्यावा लागतो. आरसी, आधार, चालू विमा आणि पीयूसी सोबत लागेल. गाडी वस्तीवर उभी असते, त्यामुळे पीयूसीची मुदत संपलेली असायची शक्यता मोठी आहे. ती आधी बघून घ्या.